विषवैद्याचे आसन

विष ओळखणारा माणूस समाजात कोणाच्या शेजारी बसतो, यावरून त्या समाजाला कोणाच्या जिवाची किंमत वाटते हे समजते. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाच्या रक्षणाचा विचार करताना विषविद्येचे जाणकार आणि वैद्य सदैव राजाच्या निकट असावेत, असे सांगून ठेवले. राजाचे अन्न आधी अग्नीला आणि पक्ष्यांना घालून पाहावे, ते रांधणाऱ्याने स्वतः चाखून दाखवावे, हीही व्यवस्था त्यात आहे. सुश्रुतसंहितेतील कल्पस्थानाचा आरंभच राजाच्या अन्नरक्षणाने होतो. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी अगदतंत्र हे अंग केवळ विष आणि विषबाधा यांसाठी राखलेले आहे. म्हणजे विषाची विद्या आपल्याला नवी नाही. मात्र तिचे मानाचे आसन राजवाड्यातल्या पाकशाळेजवळ होते. प्रजेच्या ताटात काय पडते याची काळजी वाहायला कोणी नेमलेला नव्हता. तिथे मांत्रिक होता, नवस होता आणि नशीब होते.

१९५० साली राज्यघटना अमलात आली आणि प्रजाच राजा झाली. तेव्हा न्यायाने विषवैद्याचे आसन राजवाड्यातून उठून सामान्य माणसाच्या चुलीजवळ यायला हवे होते. ते आले काय? आणि आले नसेल, तर आणायचे कोणी? सरकारने, औषधे-रसायने विकणाऱ्यांनी, की ती विद्या जाणणाऱ्यांनी स्वतः एकत्र येऊन? विषशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघाचे कर्तव्य काय, हा प्रश्न वरवर पाहता मोठ्या शहरांतल्या सभागृहांचा आहे. हायस्कूलच्या एका मुख्याध्यापकाने दिवाळी अंकात त्याचा ऊहापोह का करावा, असे सुज्ञ वाचकांना वाटेल. परंतु पांढुर्णा-सौंसरकडच्या माणसाला हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही.

२०२५ सालच्या सप्टेंबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागात लहान मुले दगावू लागली. २०२३ पर्यंत पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके त्याच जिल्ह्यात होते. त्यामुळे नकाशा बदलला तरी ती मुले आम्हांला परकी नव्हती. आधी साधी सर्दी, ताप, खोकला. मग लघवी बंद. मग मूत्रपिंडे निकामी. पाण्याची तपासणी झाली, डास-उंदरांपासून होणाऱ्या रोगांचाही विचार झाला. शेवटी बोट ठेवले गेले ते घरातल्याच एका बाटलीवर. 'कोल्ड्रिफ' नावाच्या खोकल्याच्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे रसायन ४८.६ टक्के निघाले. औषधात त्याचा अंश ०.१ टक्क्याच्या वर असता कामा नये. वीसहून अधिक मुले गेली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली, बरीचशी परासियाकडची, पण बैतुल आणि आमच्या पांढुर्णा जिल्ह्यातलीही.

हे रसायन रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड असते. यंत्रांच्या ब्रेकमध्ये वापरायच्या तेलासारख्या कामांसाठी ते कारखान्यांत लागते. औषधात वापरायच्या ग्लिसरीनसारखे किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉलसारखे ते दिसते आणि त्यांच्याहून स्वस्त पडते. शरीरात गेल्यावर त्यापासून जे आम्ल तयार होते ते मूत्रपिंडाचा घात करते. चमचा तोंडाशी नेणाऱ्या आईला ते ओळखता येणे शक्यच नव्हते. गोड आहे म्हणून मूल विनातक्रार प्याले असेल, एवढेच.

आता या घटनेचा भूगोल पाहा. औषध तयार झाले तामिळनाडूत, कांचीपुरम जिल्ह्यात. विकले गेले मध्यप्रदेशात. अत्यवस्थ मुलांना नेले गेले महाराष्ट्रात, नागपूरला. आणि त्यांतली अनेक तिथेच गेली. आम्हां सीमेवरच्या लोकांना यात नवल वाटत नाही. आमची कचेरी भोपाळची आणि आमचा दवाखाना नागपूरचा, ही रीत जुनीच आहे. परंतु विष तीन राज्ये ओलांडून गेले आणि त्याच्यामागून निघालेले कागद मात्र प्रत्येक सीमेवर थबकले. औषध कारखान्याचा परवाना एका राज्याचा, विक्रीवर देखरेख दुसऱ्याची, मृत्यूची नोंद तिसऱ्याची. पहिली मुले सप्टेंबरच्या आरंभी गेली. जिल्हा प्रशासनाने त्या औषधाची विक्री थांबवली ती महिनाअखेर, आणि मध्यप्रदेशभर बंदी आली ४ ऑक्टोबरला. मध्यप्रदेशाकडून कळवले गेल्यावर तामिळनाडूच्या प्रयोगशाळेला निदान करायला दोन-तीन दिवस पुरले. म्हणजे ज्ञान होते, यंत्रे होती. ज्ञानाच्या दारापर्यंत जाणारी वाट मात्र सापडायला महिना लागला.

हीच वाट दुसऱ्या एका देशात, फार पूर्वी, लवकर सापडली होती. १९३७ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या एका कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून, रासबेरीचा स्वाद देऊन बाजारात आणले. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा गावच्या डॉक्टरांना रुग्णांचे मृत्यू खटकले. त्यांनी सरकारी उत्तराची वाट पाहिली नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या आपल्या व्यावसायिक संघटनेला कळवले. संघटनेची स्वतःची रासायनिक प्रयोगशाळा होती. तिने विष शोधून काढले आणि वृत्तपत्रे व रेडिओ यांवरून धोक्याचा इशारा दिला. मग सरकारी निरीक्षकांनी गावोगाव हिंडून उरलेल्या बाटल्या गोळा केल्या. तरीही शंभरावर माणसे गेली होती. पण बहुतेक साठा परत मिळाल्यामुळे त्याहून कितीतरी अधिक वाचली. गंमत अशी, गंमत म्हणायलाही जीभ धजत नाही, की तेव्हाच्या कायद्याने कंपनीचा अपराध एवढाच ठरला: 'एलिक्झर' म्हणवणाऱ्या औषधात मद्यार्क असायला हवा, तो यात नव्हता! विकण्यापूर्वी औषध विषारी नाही हे सिद्ध करण्याचे बंधन १९३८ च्या नव्या कायद्याने आले.

संघ कशासाठी, याचे पहिले उत्तर टल्साच्या डॉक्टरांनी दिले आहे. गावातल्या डॉक्टरला शंका आली, तर त्याने कोणाचे दार ठोठवावे, हे त्याला आधीपासून ठाऊक असले पाहिजे. आणि त्या दारामागे जागा असणारा माणूस कोणाच्या नोकरीत आहे, हा प्रश्न आड येता कामा नये.

दुसरे उत्तर स्मृतीचे आहे. १९३७ च्या त्या औषधाची प्राण्यांवरील तपासणी शिकागो विद्यापीठात झाली. त्या कामात फ्रान्सेस केल्सी नावाची एक विद्यार्थिनी होती. १९६० मध्ये हीच बाई अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यात असताना थॅलिडोमाइड या औषधाचा अर्ज तिच्यासमोर आला. पुरावा अपुरा आहे म्हणून तिने संमती रोखून धरली. कंपनीच्या तगाद्याला बधली नाही. पुढे युरोपात त्या औषधाने हजारो मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. केल्सीबाईंच्या हातून अमेरिकेतली मुले वाचली, त्यामागे १९३७ ची आठवण होती असे मला वाटते. पण एका व्यक्तीची आठवण तिच्याबरोबर जाते. पिढ्यानपिढ्या आठवण राखायची तर संस्था लागते. थॅलिडोमाइडचे सत्य जगापुढे आले त्याच १९६१ साली अमेरिकेत 'सोसायटी ऑफ टॉक्सिकॉलॉजी' ही विषशास्त्रज्ञांची संघटना स्थापन झाली.

आपल्याकडे ही आठवण राहिली काय? १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. डोळ्यांतला किंवा डोक्यातला दाब उतरावा म्हणून त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलिन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चिरफाड केली. तो अहवाल त्या काळी मराठी वृत्तपत्रांतून घरोघर चर्चिला गेला. त्यानंतर १९९८ मध्ये गुडगाव, २०२० मध्ये जम्मूतील रामनगर, २०२२ मध्ये भारतातून गेलेल्या औषधांमुळे आफ्रिकेतील गांबिया, आणि २०२५ मध्ये परासिया. तेच रसायन, तीच गोड चव, तेच निकामी झालेले मूत्रपिंड. शाळेत एखादा मुलगा तेच गणित पाचव्यांदा चुकला, तर आम्ही मुलाला दोष देण्याआधी शिकवणाऱ्याकडे पाहतो. देश तेच गणित पाचव्यांदा चुकतो तेव्हा कोणाकडे पाहायचे?

इथे मूळ नैतिक प्रश्नाला हात घालायला हवा. ज्याला विषाचे ज्ञान आहे, त्याच्यावर न विचारणाऱ्यांचेही काही ऋण असते काय? डॉक्टरचे तसे नाही. रुग्ण त्याच्याकडे येतो, तक्रार सांगतो, बरा झाला तर हात जोडतो, बिघडला तर जाब विचारतो. विषशास्त्रज्ञाचा रुग्ण अजून आजारी पडलेलाच नसतो. तो कुठेतरी अंगणात खेळत असतो. विषशास्त्रज्ञाने वेळीच बोलून त्याला वाचवले, तर आपण वाचलो हे त्या मुलाला कधीच कळणार नाही. आणि तो गप्प राहिल्यामुळे मूल गेले, तर कोणाला जाब विचारायचा हे त्याच्या आईला कळणार नाही. ज्या विद्येत उपकार आणि अपराध दोन्ही अदृश्य राहतात, तिथे जाब विचारू शकतील असे फक्त समव्यवसायी उरतात. सामान्य माणसाला जे पाहताच येत नाही, ते त्यांना पाहता येते. म्हणून मी म्हणतो की इतर व्यवसायांत संघ ही सोय असेल. विषशास्त्रात ती नैतिक गरज आहे.

आमच्या पांढुर्ण्याच्या गोटमारीशी ताडून पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात. त्या प्रथेविषयी मतभेद असोत; पण तिथे दगड दिसतो, तो कोणत्या काठावरून आला हे दिसते, आणि जखमींसाठी डॉक्टर अगोदरच येऊन बसलेले असतात. विषाच्या दगडाला काठ नाही. मारणाऱ्याला आपण मारले हे ठाऊक नसते, लागलेल्याला काय लागले हे ठाऊक नसते. दोघांच्या मधे उभे राहून सांगणारा एक जाणकारच असतो. तोही मुका झाला तर सारेच संपले.

आणि जाणकार मुका का होतो, हे आमच्या राज्याइतके कोणी पाहिलेले नाही. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. शवविच्छेदन करताना डॉ. हीरेश चंद्र यांना मृतांच्या रक्ताचा लालभडक रंग दिसला आणि सायनाइडसारख्या विषाची शंका आली. तसे असेल तर सोडियम थायोसल्फेट या उताऱ्याचा उपयोग होईल, असे मत पुढे आले. मग वाद सुरू झाला. डॉक्टरांत मतभेद, अधिकाऱ्यांची धास्ती, कंपनीची हाती न लागणारी माहिती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पाहणी करून त्या उपचाराच्या बाजूने मार्गदर्शन केले ते १९८५ उजाडल्यावर. वादात कोण बरोबर होते, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. मात्र वाद सोडवण्याची जागा कुठे होती? कंपनीच्या शास्त्रज्ञावर कंपनीचा दाब, सरकारी डॉक्टरवर सरकारचा. कोणाचेच मीठ न खाणारा, म्हणून दोघांनाही उत्तर मागू शकणारा जाणकारांचा मेळावा त्या रात्री, त्या आठवड्यात उभा राहू शकला नाही. समुद्रमंथनात हलाहल निघाले तेव्हा ते शंकराने कंठात अडवले आणि जग वाचले. आमच्याकडे विष मोकळे सुटले, आणि कंठात अडकून राहिले ते ज्ञान.

नोकरदार माणसाचे धैर्य त्याच्या पगाराएवढे असते, असे हताशपणे म्हटले जाते. मला ते पूर्ण पटत नाही. माणूस भित्रा नसतो, एकटा असतो. 'मला शंका आहे' असे म्हणणाऱ्या एकट्या अधिकाऱ्याची बदली होते. 'आमच्या संघाला शंका आहे' असे म्हटले की बदली कोणाची करणार? एकट्याच्या विवेकाला पाठीचा कणा देणे, हे संघाचे तिसरे काम.

अर्थात या नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संघ जसा कणा देतो तसा तो आडोसाही देतो. आपल्या माणसाला सांभाळून घ्यावे, ही वृत्ती शिक्षकांच्या संघटनांत मी जन्मभर पाहत आलो आहे. शास्त्रज्ञ त्याला अपवाद असतील असे मानायला आधार नाही. अमेरिकेत रॉबर्ट किहो हा विषशास्त्राचा मोठा जाणकार. पेट्रोलमध्ये शिसे घालणाऱ्या उद्योगाच्या पैशावर त्याची प्रयोगशाळा चालली. हवेतले एवढे शिसे निसर्गतः असतेच, त्याने धोका नाही, हे मत त्याने काही दशके टिकवून धरले. क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये त्याला आव्हान दिले. तो विषशास्त्राचा मान्यवर नव्हता. पृथ्वीचे वय मोजणारा भूरसायनशास्त्रज्ञ होता. आपल्या देशातून शिसेयुक्त पेट्रोल गेले ते २००० साली. तेव्हा ज्या परिषदेच्या मंडपाचा खर्च रसायनांचे कारखाने करतात, त्या परिषदेत कोणते प्रश्न विचारले जात नाहीत, याचाही हिशेब संघाने जाहीर मांडावा. कोणाचे अन्न खाल्ले हे सांगितल्याशिवाय विषाबद्दल बोलण्याचा अधिकार कोणाला असू नये.

आता शेताकडे येऊ. आमच्याकडे संत्र्याचे बगीचे आणि कपाशी. दोन्हींवर फवारणी आलीच. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. १९५८ मध्ये केरळात कीटकनाशकाने दूषित झालेले धान्य खाऊन शंभरावर माणसे मेली. त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला आणि पुढे नियमांतून ही रंगांची भाषा आली. भाषा चांगली आहे, पण कोणाच्या कानी पडली? नववीच्या मुलांना मी घरच्या डब्यावरचा मजकूर पाहून वहीत उतरवून आणायला सांगतो, रिकामा डबा मात्र आणायचा नाही अशी ताकीद देऊन. एका मुलाचे आजोबा त्यावरून मला भेटले आणि म्हणाले, "गुरुजी, लाल तिकोन तं दिसते, पण थो काय म्हन्ते थे कोन सांगन?" आमच्या पिढीला लाल त्रिकोण म्हटला की कुटुंब नियोजनच आठवते! मी हसलो, पण त्यांचा प्रश्न खरा होता. चिन्ह ठरवणाऱ्याने आपले काम केले. त्या चिन्हाचा अर्थ धुऱ्यावर येऊन, बोलीत सांगण्याचे काम कोणाच्याच वाट्याला दिलेले नव्हते.

त्याची किंमत २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्याने मोजली. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. मेलेल्यांत दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणारेही होते. औषध निवडले एकाने, विकले दुसऱ्याने, अंगावर घेतले तिसऱ्याने.

कोणी म्हणेल, पुरेसा पुरावा नसताना ओरड केली तर निरपराध दुकानदार बुडतो, बागाईतदाराच्या संत्र्याला कोणी भाव देत नाही. आक्षेप रास्त आहे. शंका आणि सिद्धता यांच्या मधला तो अवघड काळ आम्हांलाही ठाऊक आहे. आमच्या आवारात सहावी ते आठवीचेही वर्ग भरतात आणि त्या मुलांना मध्यान्ह भोजन मिळते. वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घ्यायची, असा नियम आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मोनोक्रोटोफॉस मिसळलेल्या तेलाचे अन्न खाऊन २३ मुले मेली. त्या दिवसापासून तो घास तोंडात घेताना माझ्या मनात विचार येतो तो असा: वास विचित्र वाटला, पण खात्री नाही, तर मी काय करावे? उत्तर सोपे आहे. पंक्ती थांबवाव्या. मुले एक वेळ उपाशी राहतील. अन्न वाया गेल्याचा खुलासा लिहावा लागेल. शंकेच्या काळात कोणते नुकसान भरून येते आणि कोणते येत नाही, एवढेच पाहायचे असते. मात्र थांबवणाऱ्याने आपली शंका 'शंका' म्हणूनच सांगावी, आणि ती खोटी ठरली तर तितक्याच मोठ्याने तसे सांगावे. ही शिस्त एकट्याला जमत नाही. तिची रीत संघाने घालून द्यावी लागते.

एकटा माणूस काहीच करू शकत नाही, असे मात्र नाही. रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरताना पाहिली. रात्रंदिवस रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले, आणि निष्कर्ष 'लॅन्सेट'सारख्या जगन्मान्य नियतकालिकात छापून सर्वांच्या स्वाधीन केले. मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या ठिकाणी बसूनही विषवैद्याचे आसन चुलीजवळ आणता येते, याचा हा मराठी पुरावा. पण प्रत्येक तालुक्याला बावस्कर मिळण्याची वाट पाहणे ही व्यवस्था नव्हे. असा एखादा माणूस उभा राहिला, तर त्याचे ज्ञान पुढच्या महिन्यात पुढच्या तालुक्यात पोचावे, हे पाहणे म्हणजे व्यवस्था.

आपल्याकडे तिचे धागे आहेत. लखनौला १९६५ पासून विषविज्ञानाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. 'सोसायटी ऑफ टॉक्सिकॉलॉजी, इंडिया' आणि कोचीच्या डॉ. व्ही. व्ही. पिल्ले यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'इंडियन सोसायटी ऑफ टॉक्सिकॉलॉजी' असे जाणकारांचे संघ आहेत. ते परिषदा भरवतात, नियतकालिके काढतात. हे सारे आवश्यक आहे. फक्त त्यांची नावे परासियातल्या, सौंसरमधल्या, मोहगावातल्या किती डॉक्टरांच्या भिंतीवर लिहिलेली आहेत, एवढाच माझा नम्र प्रश्न आहे. प्रत्येक जिल्ह्यात संघाचा एक माणूस असावा. दोन मुलांची लघवी एकाच आठवड्यात बंद झाली की गावच्या डॉक्टरने त्याला कळवावे, आणि त्याने कोणत्याही राज्याच्या परवानगीवाचून तीन राज्यांतल्या आपल्या बांधवांना त्याच रात्री विचारावे: तुमच्याकडेही असे आहे काय? याला नवा कायदा लागत नाही, इमारत लागत नाही. आपला रुग्ण अजून अंगणात खेळतो आहे, एवढे भान लागते.

आणि आपण? आपण नुसती वाट पाहायची नाही. औषधाच्या दुकानात बाटलीची पावती मागावी, डब्यावरचा रंग मजुराला समजावून सांगावा, शंका आली तर लाजू नये. राजाच्या पाकशाळेत विषवैद्य आपणहून गेला नव्हता. राजाने त्याला बोलावून बसवले होते. आज राजा आपण आहोत. चुलीजवळ पाट मांडून त्याला बोलावणे आपल्याकडे लागते, आणि बोलावल्यावर येणे त्याच्याकडे.